बुडत्या दिल्लीतील पहाडगंज

कालप्रवासाची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जेथे विश्वासरावांना लागणारी गोळी निसटून गेली आहे आणि पुढचा सारा इतिहास वेगळ्या वाटेने वळला आहे. अकरावीच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने हीच कथा दिल्लीच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी अभ्यासली आहे. गंगाधरपंतांच्या वाट्याला मुंबई आली. मात्र पहाडगंजातील एखादा मराठी विद्यार्थी अठराव्या शतकात जाऊन पोहोचला, तर तो कोठे उतरेल?

तो लाल किल्ल्यात उतरणार नाही. शाहजहानाबादच्या तटाबाहेर, अजमेरी दरवाजापलीकडे, धान्याच्या पेठेत तो उभा असेल. ‘गंज’ या शब्दाचा अर्थच मुळी पेठ किंवा कोठार. दिल्लीचा इतिहास आपण बहुधा तटाच्या आतून, तख्ताच्या अंगाने वाचतो. तटाबाहेरच्या धान्यपेठेतून तोच इतिहास पाहिला, तर त्यातील मराठ्यांचे चित्रही अधिक खरे दिसू लागते, असे मला वाटते.

त्या काळी दिल्ली बुडत होती. यमुनेच्या पाण्यात नव्हे. रिकाम्या खजिन्यात, थकलेल्या पगारात आणि दरबारातील वैरात ती बुडत होती. परंतु बुडत्या नगरातील माणसांना आपले नगर बुडत आहे, हे क्वचितच उमगते. दुकाने उघडतात, लग्ने ठरतात, धान्याचे भाव वरखाली होतात. बुडणे दिसते ते मागून येणाऱ्याला.

पहिला मुक्काम करू १७३७ मध्ये. रामनवमीच्या सुमारास थोरले बाजीराव अनपेक्षितपणे दिल्लीच्या दाराशी येऊन ठेपले. कालकादेवीच्या यात्रेत एकच धावपळ उडाली. शहर लुटणे, जाळणे त्यांना शक्य होते. त्यांनी ते केले नाही. एवढे मोठे स्थळ उद्ध्वस्त करून आणि बादशहाला धुळीस मिळवून आपला लाभ नाही, असा विचार त्यांनी चिमाजीअप्पांना पत्रातून कळविला. तेथून फौज झील तलावाकडे, म्हणजे आजच्या तालकटोऱ्याकडे सरकली आणि बादशाही सैन्याशी तेथे चकमक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच तालकटोऱ्यात. पहाडगंजातून तेथे जायला आज अर्धा तासही लागत नाही.

दुसरा मुक्काम अवघ्या दोन वर्षांनंतरचा. मार्च १७३९ मध्ये इराणचा नादिरशहा दिल्लीत होता. त्याच्या अंमलदारांनी पहाडगंजाची कोठारे उघडायला लावून धान्याचा भाव बांधून दिला. व्यापारी बिथरले, जमाव जमला, काही इराणी शिपाई मारले गेले. त्यातच नादिरशहा मेल्याची अफवा पसरली आणि दंगल शहरभर भडकली. दुसऱ्या दिवशी चांदणी चौकातील सोनेरी मशिदीत बसून नादिरशहाने कत्तलीचा हुकूम सोडला. काही तासांत हजारो माणसे मारली गेली. मयूरसिंहासन आणि कोहिनूर इराणला गेले, हे आपण शाळेत शिकतो. त्या भीषण दिवसाची ठिणगी धान्याच्या भावावरून, आपल्याच पेठेत पडली होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

तिसरा मुक्काम १७६० चा. ऑगस्टच्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौजेला देण्यास पैसा नव्हता, तेव्हा दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. हा प्रसंग आपण हळू आवाजात सांगतो. तसे करण्याचे कारण नाही. ज्या राजधानीला बाजीरावांनी राखले, तिचे छत तेवीस वर्षांनी मराठ्यांनीच उतरविले, या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या आहेत. पुढे कुंजपुऱ्याच्या विजयात धान्याचा मोठा साठा हाती आला; पण अब्दाली बागपतापाशी यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात रसदीचा आधार असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे पानिपतावर लढले ते उपाशीपोटी. एका गोळीने इतिहास बदलला असता का, हा प्रश्न रम्य आहे. धान्याच्या पेठेत उभा असलेला आपला प्रवासी मात्र विचारील : दिल्लीची वाट खुली राहिली असती तर?

चौथ्या मुक्कामी, १७८८ मध्ये, पारडे पुन्हा फिरते. १० ऑगस्ट रोजी रोहिला सरदार गुलाम कादिराने वृद्ध शाह आलम बादशहाचे डोळे काढले. किल्ल्यातील राजकुटुंबाचे अन्नपाण्यावाचून हाल झाले. ऑक्टोबरात महादजी शिंद्यांच्या फौजेने किल्ला सोडविला आणि बादशहाला पुन्हा गादीवर बसविले. त्या फौजेचा प्रमुख होता राणेखान. हा मूळचा भिस्ती. पानिपतावरून जखमी महादजींना त्यानेच वाचवून नेले होते आणि महादजी त्याला भाऊ मानीत. पखालीतून पाणी वाहणाऱ्याने बुडत्या दिल्लीच्या बादशहाला हात द्यावा, यापरते विलक्षण काय असेल?

अखेरचा मुक्काम ११ सप्टेंबर १८०३ चा, यमुनेपलीकडे पटपडगंजाचा. तेथे जनरल लेकच्या इंग्रज फौजेने लुई बुर्क्याँच्या हाताखालील शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या आणि दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल संपला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे.

या प्रवासासाठी यंत्र लागत नाही. नाशिकचे हिंगणे घराणे पेशव्यांचे वकील म्हणून दिल्लीत होते आणि त्यांचे दप्तर छापून प्रसिद्ध झाले आहे. दरबारातील फितुरी, थकलेली देणी, सरदारांच्या हालचाली यांची ती पत्रे लिहिणाऱ्यांना पानिपत ठाऊक नव्हते. उद्याची खबर नसताना आज काय करावे, हेच ते ठरवीत होते. इतिहास वाचण्याचा खरा लाभ येथे आहे. निकाल बदलण्याची स्वप्ने पाहण्यापेक्षा, निकाल ठाऊक नसलेल्या माणसांनी कोणती निवड केली, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे.

दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलाला अनेकदा दोन इतिहास मिळतात : घरी भगव्या झेंड्याचा, शहरात तख्ताचा. आपल्या शाळेने त्याला तिसराही द्यावा. शहर राखणारे बाजीराव आपले आहेत, छत उतरविणारे भाऊ आपले आहेत, राणेखान आपला आहे. आणि प्रत्येक फौज येताना पाहून कोठाराला कुलूप घालावे की नाही, या विवंचनेत पडलेला पहाडगंजाचा तो अनाम व्यापारीही आपलाच आहे. शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात एवढे आपल्या मुलांपर्यंत पोहोचले, तर ज्या पेठेत ती शिकली तिचे ऋण काही अंशी फिटेल.