क्रूझची शेवटची सकाळ: उतरायची परवानगी कोण देतं?

हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच जवळपास ठेवलंय, फक्त माझे 'अं' आणि 'बरं का' तेवढे गाळलेत.

आजचा विषय ऐकायला सुट्टीचा वाटेल, पण आहे आपल्या नेहमीचाच, इतिहासाचा: क्रूझची शेवटची सकाळ.

ज्यांनी क्रूझ केलेली नाही त्यांच्यासाठी आधी तिथे काय होतं ते सांगतो. आदल्या दिवशी केबिनमध्ये रंगीत, नंबर छापलेले टॅग येतात. ते बॅगांना लावायचे आणि रात्री दहा-अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवून द्यायच्या. जवळ ठेवायचं ते पासपोर्ट, औषधं आणि सकाळी घालायचे कपडे. (कपडेही बॅगेत भरून मोकळे झालेले लोक असतात, असं आमच्या स्टुअर्डने हसत हसत सांगितलं होतं.) सकाळी नाश्ता लवकर, आठच्या सुमाराला केबिन रिकामी, आणि मग लाउंजमध्ये आपला नंबर पुकारला जाईपर्यंत बसून राहायचं. ज्यांना सगळं सामान स्वतः ओढत न्यायचंय त्यांना आधी सोडतात. बाकीच्यांच्या बॅगा खाली टर्मिनलमध्ये टॅगच्या रंगानुसार मांडलेल्या असतात.

मी आई-बाबांना घेऊन न्यू जर्सीतल्या बायोनहून बर्म्युडाला गेलो होतो. परतीच्या सकाळी लाउंजमध्ये तासभर बसल्यावर बाबा म्हणाले, "यापेक्षा एसटी बरी. स्टँड आला की उतरलो, मोकळे."

बाबांचं म्हणणं अगदी रास्त आहे. जहाज पहाटेच धक्क्याला लागलेलं असतं, मग उतरायला इतका वेळ का? तर त्याचं कारण असं की एसटी स्टँड तुम्हाला काही विचारत नाही. बंदर विचारतं. आणि गेली कित्येक शतकं ते दोनच प्रश्न विचारत आलंय: बरोबर रोग आणलाय का, आणि तुम्ही आहात कोण?

पहिला प्रश्न जास्त जुना. १३७७ साली रगुसा या बंदराने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकने, नियम केला की प्लेगच्या भागातून आलेल्यांनी शहरात यायच्या आधी तीस दिवस बाहेर वेगळं राहायचं. पुढे इटलीत तीसाचे चाळीस झाले, आणि चाळीसाच्या तिथल्या शब्दावरून 'क्वारंटाइन' आला. जहाज निरोगी ठरलं की बंदराशी व्यवहार करायची परवानगी मिळते, तिला 'प्रॅटिक' म्हणतात. आजही जहाजावर पिवळा झेंडा चढला तर सागरी संकेतांमध्ये त्याचा अर्थ होतो: माझं जहाज निरोगी आहे, मला प्रॅटिक द्या. पिवळा झेंडा म्हणजे रोगाचं जहाज असं अनेकांना वाटतं, पण आज अर्थ बरोबर उलटा आहे.

आता बायोनला परतताना जहाज कुठून येतं ते बघा. व्हेराझानो पुलाच्या थोडं आधी, स्टेटन आयलंडच्या बाजूला, दोन छोटी बेटं लागतात: हॉफमन आणि स्विनबर्न. दोन्ही मानवनिर्मित, दोन्ही क्वारंटाइनसाठीच बांधलेली. एकावर संशयित, दुसऱ्यावर आजारी. आज तिथे माणसं राहत नाहीत, आणि पहाटे डेकवर कॉफी पिणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी तिकडे बघतं. सगळ्यांचे फोन पुढे येणाऱ्या लिबर्टीच्या पुतळ्याकडे वळलेले असतात.

१८९२ च्या सप्टेंबरात हॅम्बुर्गहून कॉलरा घेऊन 'नॉर्मानिया' न्यूयॉर्कला आली, तेव्हा हा प्रश्न नुसता कागदावर राहिला नव्हता. वरच्या वर्गाच्या प्रवाशांना ठेवायला सरकारने फायर आयलंडवरचं एक हॉटेलच विकत घेतलं. तिथले गावकरी शस्त्रं घेऊन धक्क्यावर उभे राहिले: उतरू देणार नाही. शेवटी नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. त्या प्रवाशांची शेवटची सकाळ बरेच दिवस लांबली.

त्याच वर्षी १ जानेवारीला एलिस आयलंड सुरू झालं होतं. तिथे पहिली नोंद झाली ती ॲनी मूर या आयरिश मुलीची. तिचं जहाज 'नेवाडा' आदल्या संध्याकाळी पोचलं होतं, त्यामुळे वर्षाची शेवटची रात्र तिने जहाजावरच काढली. १९५४ पर्यंत या बेटावरून सुमारे १ कोटी २० लाख माणसं आत गेली. एकट्या १७ एप्रिल १९०७ या दिवशी ११,७४७.

पण एलिस आयलंडवर सगळे जायचे नाहीत, आणि मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच, त्यांच्या सोयीने व्हायची. जहाज हडसनच्या धक्क्याला लागलं की ते थेट शहरात. खालच्या डेकवरच्या, 'स्टिअरेज'च्या प्रवाशांना मात्र बोटीत भरून बेटावर न्यायचे, आणि गर्दी असेल तेव्हा त्या बोटीतच तासन्‌तास ताटकळत ठेवायचे. अंगावर टॅग टाचलेला. त्यावर जहाजाचं नाव, आणि प्रवाशांच्या यादीतला तुमचा पान क्रमांक आणि ओळ क्रमांक. या यादीला मॅनिफेस्ट म्हणतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले हा शब्द रोज वापरतो आणि तो जहाजाच्या गोदीतून आलाय हे विसरतो. तो टॅग म्हणजे सरळ डेटाबेसची प्रायमरी की होती, फक्त माणसाच्या कोटावर लावलेली.

बेटावर डॉक्टर प्रत्येकाकडे काही सेकंदच बघायचे. संशय आला की खडूने कपड्यांवर अक्षर काढायचे: डोळ्यांसाठी एक, हृदयासाठी एक, लंगडेपणासाठी एक. पुढे नाव, गाव, पैसे किती, कुणाकडे चाललात. परत पाठवलेल्यांचं प्रमाण दोनेक टक्के होतं. आकडा लहान आहे, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपण त्या दोनात की अठ्ठ्याण्णवात हे माहीत नसतं.

हे मी कोरडेपणाने सांगू शकत नाही. बायोनच्या टर्मिनलमध्ये अमेरिकन नागरिकांची रांग कॅमेऱ्यासमोरून सरसर पुढे जात होती. आमच्या रांगेत अधिकारी होता. माझा व्हिसा नोकरीवर टांगलेला, आई-बाबांचा टुरिस्ट. त्याने बाबांना विचारलं, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट आहे का. बाबांनी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय. त्यांनी उत्तर व्याकरणशुद्ध दिलं, पण उभे मात्र साहेबासमोर उभं राहतात तसे राहिले. आईने माझी बाही धरली होती. दोन मिनिटांत झालं सगळं, आणि अधिकारी सभ्य होता. काचेच्या पलीकडे आमच्या जांभळ्या टॅगच्या बॅगा दिसत होत्या.

बंदर 'रोग आणलाय का' हे विचारतं तेव्हा मनात नेहमी रोगच असतो असं नाही. याचं उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला. १८ डिसेंबरला 'कुरलँड' आणि 'नादेरी' ही दोन जहाजं मुंबईहून डर्बनला पोचली, मिळून सुमारे आठशे प्रवासी. त्यात मोहनदास गांधी, कस्तुरबा आणि मुलं. जहाजावर प्लेगचा रोगी नव्हता. तरी क्वारंटाइन लागलं आणि ते लांबत गेलं, कारण शहरातल्या गोऱ्यांच्या सभा मागणी करत होत्या की हे लोक परत पाठवा. उतरायला परवानगी मिळाली ती १३ जानेवारी १८९७ ला, जवळजवळ चार आठवड्यांनी.

आत्मचरित्रात गांधींनी लिहिलेला एक तपशील मला फार बोलका वाटतो. उतरताना आपण सुधारलेले दिसावं म्हणून कस्तुरबांना त्यांनी पारशी पद्धतीने साडी नेसायला लावली, आणि सगळ्यांच्या पायांत बूट-मोजे. पायमोज्यांना घामाचा वास येतो म्हणून घरचे कुरकुरत होते. शेवटच्या सकाळी काय घालायचं हा प्रश्न तेव्हाही होता, फक्त तो नाइट ड्रेसचा नव्हता. कस्तुरबा आणि मुलं गाडीतून पारसी रुस्तमजींच्या घरी सुखरूप पोचली. मागून चालत निघालेल्या गांधींना जमावाने दगड, अंडी आणि लाथाबुक्क्यांनी मारलं. पोलीस अधीक्षकांची पत्नी, मिसेस अलेक्झांडर, छत्री उघडून मध्ये उभी राहिली म्हणून ते वाचले.

आणि ज्यांच्यासाठी बंदर प्रश्नच विचारत नाही त्यांची सकाळ कशी असते, तेही मुंबईतच बघायला मिळायचं. बॅलार्ड पिअरला विलायतेची बोट लागली की साहेबांसाठी धक्क्यावरच स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल. बोटीतून उतरा, गाडीत बसा. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल असेच प्रवासी घेऊन थेट पेशावरकडे निघायची.

परत आजच्या जहाजाकडे येऊ. आपल्याला आठ वाजता केबिनबाहेर का काढतात? कारण त्याच दिवशी दुपारी तेच जहाज नवे प्रवासी घेऊन निघायचं असतं. अमेरिकन बंदरात जुने सगळे प्रवासी उतरल्याची खात्री झाल्याशिवाय नव्यांना चढू देत नाहीत, याला 'झिरो काउंट' म्हणतात. एखादा माणूस कॉफी पीत बसला तर अख्खं टर्मिनल थांबतं. म्हणून ती सारखी घोषणा. आणि आपण बॅग शोधत असतो तेव्हा वर चादरी बदलणारा, खाली फळांच्या पेट्या उचलणारा कर्मचारी या गणतीत नसतो. त्याच्यासाठी ती शेवटची सकाळ नसतेच. आमचा स्टुअर्ड गोव्याचा होता, मडगावजवळचा. त्याच्या कराराचे अजून चार महिने बाकी होते.

हा फरक सगळ्यात उघड दिसला तो 'डायमंड प्रिन्सेस'वर. २० जानेवारी २०२० ला योकोहामाहून निघालेलं हे जहाज ४ फेब्रुवारीला तिथेच प्रवाशांना उतरवणार होतं. पण हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला कोरोना असल्याचं १ तारखेला कळलं. जहाज ३ तारखेच्या संध्याकाळी योकोहामाला आलं, ५ तारखेला क्वारंटाइन जाहीर झालं. जहाजावर ३,७११ माणसं होती. प्रवासी केबिनमध्ये बंद. कर्मचारी मात्र त्यांच्या दारात जेवणाचे ट्रे पोचवत होते आणि रात्री एकाच खोलीत दोघं-दोघं झोपत होते. एकूण ७१२ जणांना लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी. २७ फेब्रुवारीला ११९ भारतीय विमानाने दिल्लीला आले, आणि तिथून परत क्वारंटाइनमध्ये, मानेसरला.

त्या जहाजावरून सगळ्यात शेवटी उतरले ते कप्तान जेनारो आर्मा. तारीख होती १ मार्च.

चला, भेटू पुढच्या भागात.