चाखा, थुंका, पुढचं झाड

मोबाईल घरीच ठेवा, आपण जातोय तिथे त्याचा काही उपयोग नाही. नव्वदीच्या आधीची लाल एसटी नगर-मनमाड रस्त्यावरून खडखडत चालली आहे आणि तुम्ही वरच्या दांड्याला लटकला आहात. पायाशी कुणाचं तरी पोतं, कानाशी रडणारं पोर, खिडकीतून आत घुसणारा मळीचा आंबूस दर्प. राहुरीच्या साखर कारखान्याचा हंगाम चालू आहे. "विद्यापीठ, विद्यापीठ!" कंडक्टर घंटीची दोरी ओढतो आणि मागची गर्दीच तुम्हाला खाली उतरवते.

महात्मा फुले कृषी विद्यापीठ. उन्हाने टाळू तापते. डाळिंबाच्या ओळींत रात्री दारं धरलंय, त्यामुळे काळ्या मातीचा चिखल चपला सोडत नाही. "ओ पाहुणं, काटं बघा!" मजूर बायकांतून आवाज येतो, तोवर दंडावर ओरखडा उठलेला असतो.

समोरचं झाड 'गणेश'. पुण्यात गणेशखिंडीला फळतज्ज्ञ डॉ. चीमांनी 1936 साली आळंदीच्या डाळिंबाच्या रोपांतून निवडलेलं. गोड, मऊ बियांचं, पण दाणे फिकट गुलाबी. पलीकडे 'गुल-ए-शाह रेड', रशियाकडचं. दाणे लालभडक, पण चवीला आंबट आणि बी टणक. दोघांचं लग्न लावायचं काम आज तुमच्याकडे आहे.

गणेशची उद्या उमलणारी कळी निवडा. घंटेसारखी नको, ती गळून पडते. बुडाशी फुगीर हवी. जाड लाल कवच चिमट्याने अलगद उघडा, चुरगळलेल्या पाकळ्या काढा आणि पिवळ्या केसरांचा झुबका एकेक करून खुडा. मधली कुक्षी दुखावली की कळी गेलीच. घाम पापणीवर येतो, पण पुसायला हात रिकामा नाही. बटर पेपरची पिशवी चढवा, लेबल बांधा. सकाळी या आणि गुल-ए-शाहचे परागकण त्या कुक्षीवर टेकवा.

आता पुढची काही वर्षं ओलांडू. फळ धरलं, बी पेरलं, पहिली पिढी वाढली. तिच्यात काही गुण दडून बसले, नाहीसे झाले नाहीत. त्या झाडांचं बी पुन्हा पेरलं आणि ही पाहा दुसरी पिढी, ओळीच्या ओळी.

सुरी घ्या. पहिलं फळ फोडा, दाणे तोंडात टाका. रंग सुरेख, पण जीभ आक्रसते आणि दाढेखाली बी कडकन वाजतं. थुंका. दुसरं गोड, पण पांढुरकं. तिसरं आंबटही आणि फिकटही. गावाकडे 'खाण तशी माती' म्हणतात. पण या ओळीत सख्खी भावंडंही एकमेकांसारखी नाहीत. बोटं काळपट पडली आहेत, सदऱ्यावरचा डाग आता जायचा नाही, माश्या घोंघावताहेत आणि नोंदी घेणारा वहीवाला विचारतोय, "बी कसं? मऊ का टणक?"

असं का होतं, ते चावता चावता ऐका. झाडाच्या प्रत्येक पेशीत डीएनएचे लांबलचक धागे असतात आणि त्यांवर अवघ्या चार अक्षरांत सगळा मजकूर लिहिलेला असतो. प्रत्येक धाग्याची जोडी असते, एक आईकडचा, एक बापाकडचा. पराग किंवा बीजांड घडताना हे जोडीदार आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, मग जोडीतला एकच पुढे जातो. म्हणून प्रत्येक बी नवं. कधी नक्कल उतरवताना एखादं अक्षरच चुकतं आणि आई-बाप दोघांतही नसलेला गुण उगवू शकतो. चावणाऱ्याने कंटाळायचं नाही, कारण गणेशची गोडी, गणेशचं मऊ बी आणि गुल-ए-शाहचा लाल रंग एकाच फळात येणं फार दुर्मीळ. मला या कामाबद्दल अपार आदर वाटतो, आणि कुऱ्हाडीखाली गेलेल्या नापास झाडांबद्दलही.

आणि मग एका झाडापाशी तुम्ही थुंकत नाही. दाणा लाल, रस गोड, बी दाताला जाणवत नाही. याच संकरातून राहुरीने 'मृदुला' दिलं, 'आरक्ता' दिलं आणि जाड, चकचकीत सालीचं 'भगवा'. आज सांगोल्यापासून सटाण्यापर्यंत भगवाच दिसतो.

सापडलेल्या झाडाचं बी मात्र पेरायचं नाही. पेरलंत की पुन्हा सगळी अदलाबदल. फांदीची साल बांगडीसारखी गोल सोला, ओलं शेवाळ गुंडाळा, वर प्लास्टिक आवळा. मुळं फुटली की गुटी तयार, डीएनए जवळपास तोच. डाळिंबावरचा तेल्या रोग आला की हाच सारखेपणा जड जातो, कारण बागेतलं प्रत्येक झाड त्याला सारखंच बळी पडतं. म्हणून बियांच्या ओळी लावणं थांबवता येत नाही. सुरी पुसा, अर्धी ओळ अजून बाकी आहे आणि वहीवाला पुढच्या झाडापाशी उभा आहे.