पेठ वसविण्याचा कौल



गेल्या महिन्यांत आमच्या उमरग्यांतील चार व्यापारी एके सायंकाळीं माझ्या घरीं आले. सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगतची कांहीं जमीन शेतीच्या पट्ट्यांतून काढावी आणि तेथें खालीं दुकानें व वर बिऱ्हाडें अशी मिश्र वस्ती होऊं द्यावी, अशी मागणी करण्याचें त्यांच्या मनांत होतें. तिला व्यापाऱ्यांचा पाठिंबा आहे असें पत्र पाहिजे होतें. "गुरुजी, मजकूर तुम्हीच घालून द्या," असें त्यांचें म्हणणें. शाळा सुटल्यापासून गांवचे अर्ज लिहिण्याचें काम मजकडे आपोआपच आलें आहे. मीं कागद पुढें ओढला, परंतु लेखणी चालेना. व्यापाऱ्यांच्या पाठबळावर पेठ वसविण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. मग त्या रीतींतील कोणती गोष्ट ह्या पत्रांत उतरावयास हवी, ह्या विचारांत मी पडलों. तोच विचार आज आपणांपुढें मांडतों.

पुणें शहर घ्या. मूळ कसबा लहान. त्याच्याभोवतीं पेशवाईंत एकामागून एक पेठा वसल्या. १७३४ सालीं शुक्रवार, १७५५ च्या सुमारास गणेश, पुढें नारायण व सदाशिव, आणि नाना फडणविसांच्या काळीं पूर्वेच्या अंगास भवानी व नाना पेठ. ह्या पेठा केवळ हुकुमानें उभ्या राहिल्या नाहींत. मोकळ्या माळावर कोण कशाला दुकान घालील? म्हणून सरकार कौल देई. पेठ वसविण्यास जो पुढें येई त्यास शेटेपणाचें किंवा महाजनकीचें वतन मिळे. येणाऱ्या उदमी लोकांस कांहीं वर्षें कर माफ असे. पण सूट फुकट नव्हती. माणसें आणून वसविण्याची, घरें बांधण्याची, बाजार चालविण्याची बोली त्यामागें असे. वसाहत झाली नाहीं तर वतन तरी कशाचें? कौल हा दोहों बाजूंचा करार होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्यांत हमालाचें व झाडूवाल्याचें नांव क्वचितच येई, हेंही खरें. जुनें तें सर्व सोनें असें मानणाऱ्यांपैकीं मी नाहीं.

पुढें शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं कोल्हापुरास शाहूपुरी वसवून गुळाच्या व्यापारास जागा करून दिली आणि १९१७ च्या सुमारास आपल्या जनक पित्याच्या नांवें जयसिंगपूर आंखून घेतलें. त्यांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. मला आमच्या जवळच्या लातुराविषयीं सांगावयाचें आहे.

लातूर १९८२ च्या ऑगस्टपर्यंत आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें, आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीस अरुंद रुळांची गाडी आली. ती १९११ सालीं लातुरास पोहोंचली. रूळ आला आणि तूर, तेलबिया, कापूस ह्यांचा ओघ तिकडे वळला. जुन्या गांवाच्या गल्ल्यांत बैलगाड्या मावेनात. तेव्हां नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनीं गंजगोलाईचा आराखडा केला, आणि १९१७ सालीं मधली दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. तिच्या पोटांत अंबाबाईचें देऊळ आहे आणि तिच्यापासून सोळा रस्ते फुटतात. एका रस्त्यावर सराफ, दुसऱ्यावर पादत्राणें, कोठें मिरची, कोठें गूळ.

सोळा रस्ते कशाला, असा प्रश्न माझे विद्यार्थी विचारीत. माझ्या मतें उत्तर बैलगाडींत आहे. कोणत्याही वेशीकडून येणाऱ्या गाडीस मध्यभागीं पोहोंचतां यावें आणि दुसऱ्या वाटेनें बाहेर पडतां यावें. शिवाय आपल्या जुन्या बाजारपेठेंत दुकानाच्या मागें किंवा माडीवर धन्याचें बिऱ्हाड असतें. त्यामुळें रात्रीं माल राखला जातो, पहाटे गाडी आली तर दार उघडणारा कोणीतरी असतो, आणि दुपारीं धनी जेवावयास वर गेला तर गल्ला सांभाळण्यास घरचेंच माणूस बसतें. आज ज्याला मिश्र उपयोग म्हणतात तो हाच. पुस्तकांत त्यास नांव मिळण्यापूर्वीं आमचे वाणी-उदमी तो जगत होते. पुढें १९३० मध्यें हैदराबाद संस्थानानें शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला आणि तोलमाप, दलाली ह्यांवर नियम आले. पेठ आंखली म्हणजे शेतकऱ्याची फसवणूक थांबते असें नाहीं, हें सरकारासही कळलें होतें.

ह्याच्या उलट चित्रही आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हां उमरगा तालुक्यांत असलेलें सास्तूर त्यांत उद्ध्वस्त झालें. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. घरें पक्कीं झालीं, रस्ते रुंद झाले, त्याबद्दल कोणी कृतघ्न होऊं नये. पण गांवें फार पसरलीं. जुन्या गल्लींत ओट्यावर चालणारें किराणा दुकान, शिंप्याचें यंत्र, म्हाताऱ्यांची बैठक हीं सारीं एकमेकांपासून दूर गेलीं. राहणें एकीकडे आणि उदीम दुसरीकडे असें झालें कीं काय हरवतें, हें तेथल्या वृद्धांस विचारावें.

म्हणून त्या चौघांची मागणी मला मुळांत चुकीची वाटली नाहीं. खटकलें तें एवढेंच कीं पत्रांत सरकारानें काय द्यावें तें होतें, व्यापारी काय देणार तें नव्हतें. १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा पहिला कायदा झाला. आजचा आपला कायदा १९६६ चा आहे. त्याप्रमाणें आराखड्यांत बदल करावयाचा तर राजपत्रांत सूचना द्यावी लागते, हरकती मागवून त्या ऐकाव्या लागतात, आणि मग प्रस्ताव मंजुरीसाठीं सरकारकडे जातो. पाठिंब्याचें पत्र त्यांतील एक कागद होय. परंतु शेताचा पट्टा बदलतांच जमिनीचा भाव किती पटींनीं चढतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पेशवाईंतल्या उदम्यास सूट मिळे ती पेठ वसविल्याबद्दल. आज पेठ वसो वा न वसो, भाव आधींच चढतो, आणि कित्येक ठिकाणीं भूखंड पाडून दगड तेवढे रोंवलेले दिसतात.

शेवटीं मीं पत्र लिहिलें. पाठिंबा स्पष्ट शब्दांत घातला. त्याखालीं चार कलमें घातलीं. अमुक वर्षांत बांधकाम करूं. आठवडी बाजारांतील पाटीवाल्यांस बसण्यास जागा सोडूं. सांडपाण्याची नाली व विहिरीचें पुनर्भरण आमच्या खर्चानें करूं. हमालांसाठीं भाड्याच्या खोल्या काढूं. मीं तें मोठ्यानें वाचून दाखविलें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. एकानें वर्षांचा आंकडा तीनाऐवजीं पांच घालण्यास सांगितलें, मीं घातला. हमालांच्या कलमावर थोडी कुरकुर झाली, तरी तें राहिलें. मग तिघांनीं सह्या केल्या. चौथ्याच्या थोरल्या भावाची त्या पट्ट्यांत सहा एकर जमीन आहे. "दादाला विचारून उद्यां येतों," असें म्हणून तो उठला. पत्र अद्याप माझ्या टेबलाच्या खणांत आहे.