परसातला हिरवा चारा

हैदराबादेतील हिमायतनगर ही वस्ती आज दुकानांनी व उंच इमारतींनी गजबजलेली आहे. तेथे गाईच्या चाऱ्याची गोष्ट काढणे कोणास विपरीत वाटेल. परंतु या गोष्टीचे सूत्र त्या नावातच आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान यांच्यावरून ही वस्ती ओळखली जाते, आणि १९२७ साली पुरा झालेला हिमायतसागरही. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर बांधलेल्या जलाशयांपैकी तो एक. घरात पाणी खेळू लागले की न्हाणीचे पाणी परसात उतरते, आणि तेथे वाफा हिरवा करता येतो.

दख्खनच्या गुरांची खरी अडचण हिवाळ्यापासून सुरू होते. दिवाळी सरली की पावसाळी गवत वाळते आणि दावणीत केवळ कडबा उरतो. त्याने पोट भरते. परंतु त्यात प्रथिने अल्प असल्यामुळे दूध आटते. ही उणीव भरून काढावयाची ती थंडीत वाढणाऱ्या पाल्याने : मुळ्याची पाने, कोबीची बाहेरची पाने, जून झालेली मेथी. रोमन लेखक केटो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच बैलांच्या चाऱ्यासाठी पेरावयाच्या पिकांत मेथी गणली होती.

लसूणघास ही मेथीच्याच कुळातली. इराणातील मीडिया प्रांतावरून ग्रीकांनी तिचे नाव ठेवले. दरायसच्या स्वारीबरोबर ती ग्रीसमध्ये आली, असे प्लिनी सांगतो. आपल्याकडे तिला विलायती गवत असेही म्हणतात. तिची दुसरी आप्त बरसीम १९०४ साली मिसरातून सिंधमध्ये आली. दोन्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेराव्या. सुमारे दोन महिन्यांनी पहिली कापणी मिळते, आणि पुढे साधारण महिन्या-महिन्याने विळा लावता येतो. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. मात्र उपाशी जनावरापुढे ओला पाला एकदम टाकला, तर पोट फुगून ते दगावू शकते; म्हणून आधी कडबा द्यावा.

या मूठभर हिरवळीचे मोल कोणाला? ज्याला कुरण नाही त्याला. जंगलखात्याने गायराने बळकावल्यामुळे गरिबाला शेळ्याबकऱ्या पाळणेही कठीण झाले, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मांडली. रान बंद झालेल्या माणसाला परसाचाच आधार. पुढे शहरांत परसही उरले नाही. तेव्हा हैदराबादेच्या गटारांचे पाणी वाहून नेणाऱ्या मुसीच्या काठी पॅरा गवत उभे राहिले, आणि शहराच्या म्हशी त्यावर पोसल्या गेल्या.

घरच्या न्हाणीचे पाणी कसे आहे, हे घरधनिणीला ठाऊक असे. नदीत कोणी काय सोडले, हे म्हशीच्या धन्याला कळण्याचा मार्ग नाही. परसाबरोबर चार वाफेच गेले असे नव्हे. जनावराच्या तोंडी काय जाते आणि आपल्या पेल्यात काय येते, याची माहितीही गेली.