पेय ते पाणी

'रमणीय', 'दर्शनीय', 'आदरणीय' यांच्या पंगतीत 'पाणी' हा शब्द बसवून पाहावा. त्याचे मूळ पान तिथेच आहे. संस्कृत 'पा' म्हणजे पिणे. त्याला 'अनीय' प्रत्यय लागून 'पानीय' झाले, म्हणजे पिण्याजोगे. प्राकृतात 'पाणिअ', मराठीत 'पाणी'. मूळचे विशेषणच पुढे नाम होऊन बसले. 'पानीयम्' नपुंसकलिंगी, म्हणून आपले 'ते पाणी'. हिंदीने नपुंसकलिंगच टाकून दिल्याने तिकडे 'पानी' पुल्लिंगी झाले. अर्थ तर इतका सैलावला, की 'समुद्राचे पाणी' म्हणताना कोणालाही खटकत नाही. 'पाणपोई'तली 'पोई' बहुधा संस्कृत 'प्रपा'वरून आली असावी. तसे असेल तर त्या एका शब्दात 'पा' धातू दोनदा तहान भागवतो.

पण मग 'पाणी' येण्याआधी पाण्याला काय म्हणत? आन्त्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने एक सुरेख निरीक्षण नोंदवले आहे. इंडो-युरोपीय भाषांत अग्नीला आणि पाण्याला प्रत्येकी दोन जुनी नावे दिसतात, एक सचेतन आणि एक अचेतन. वाहणारे, काही करणारे, देवतारूप पाणी ते 'आपः', स्त्रीलिंगी आणि नेहमी बहुवचनी. नुसता पदार्थ म्हणून पाहिलेले ते 'उदन्', 'उदक', नपुंसकलिंगी.

'उद'चे गोत्र मोठे. ग्रीक 'ह्युदोर', इंग्रजी 'वॉटर', रशियन 'वोदा' आणि तिचे लाडके रूप 'वोदका' ही सगळी भावंडे. संस्कृतातला 'समुद्र' यातलाच, आणि पाण्यात शिजलेला भात तो 'ओदन'देखील यातलाच दिसतो. पाणमांजराला मराठीत 'ऊद' असेही नाव आहे. ते संस्कृत 'उद्र', म्हणजे इंग्रजी 'ऑटर'चा सख्खा भाऊ. गोव्यात कोंकणी घरांत आजही 'उदक'च पितात. मराठीत मात्र ते पूजेच्या ताम्हणात अडकले आणि 'उदक सोडणे' एवढ्यापुरते उरले.

'आपः'मधल्या 'अप्'ची वाट निराळी. इराणात ती 'आब' झाली आणि फारसीच्या खांद्यावरून परत आपल्याकडे आली. तेव्हा एका ठिकाणी दोन बहिणींची गाठ पडली. 'द्वि' अधिक 'अप्' म्हणजे 'द्वीप'; 'दो' अधिक 'आब' म्हणजे 'दोआब'. घटक तेच, भूगोल वेगळा: एकात जमिनीला पाण्याचा वेढा, दुसऱ्यात कृष्णा-तुंगभद्रेमधला रायचूरचा प्रदेश. 'समीप'मध्येही पाणिनीय परंपरा हाच 'अप्' पाहते. म्हणजे जवळ असणे हे मुळात पाण्याजवळ असणे असावे.

'आब'ने मराठीत आणखी बरेच उद्योग केले. 'आब-ए-रू', चेहऱ्याचे पाणी, त्याची 'अब्रू' झाली. मोत्याला किंवा तलवारीला असते तेच हे पाणी, म्हणजे तेज. फारसीत पहिला स्वर ऱ्हस्व केला तर 'अब्रू' म्हणजे भुवई, आपल्या 'भ्रू'ची नातलग. मराठीने नेमका तोच स्वर आखडल्यामुळे आपण अब्रू गेली म्हणतो तेव्हा इराणी माणसाला कोणाची भुवई गेली असे वाटायचे! 'गुल' अधिक 'आब' हे गुलाबपाणी अरबीत 'जुलाब' झाले, तिथे त्याचा अर्थ सरबत, आणि आपल्याकडे पोहोचेपर्यंत जे झाले ते सांगायला नको. 'अब्दागिरी'त मात्र 'आब' शोधू नये. तिच्यात 'आफ्ताब', म्हणजे सूर्य आहे.

रसायनशास्त्राला देवतेशी काम नव्हते, त्याने साहजिकच 'उद'चे घराणे धरले. 1787 साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवी परिभाषा मांडली, तीत पाणी घडवणाऱ्या वायूला 'हायड्रोजन' म्हटले. आपल्याकडे त्याचे 'उद्जन' केले गेले. 'हायड्रो' आणि 'उद' मुळात एकच, त्यामुळे हे भाषांतर कमी आणि घरवापसी जास्त. जोडीदाराचे नाव मात्र फसले. 'ऑक्सिजन' म्हणजे आम्लजनक. पण 1810 साली हम्फ्री डेव्हीने दाखवले की मिठाच्या आम्लात ऑक्सिजन नावालाही नाही. आम्लपणा पुढे हायड्रोजनच्याच पदरात पडला. आपला 'प्राणवायू' त्या मानाने शहाणा, निदान खोटे बोलत नाही.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि त्याचे दोन हायड्रोजन सरळ रेषेत उभे नसतात, 104.5 अंशांचा कोन करून असतात. त्यामुळे ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनकडची किंचित धन. मिठाचा खडा टाकला की धन सोडियमला एक बाजू ओढते, ऋण क्लोरिनला दुसरी, आणि खडा विरघळतो. 'पाघळणे', 'ओघळणे', 'विरघळणे' या तिन्हींतला 'घळ' संस्कृत 'क्षर्', म्हणजे पाझरणे, याच्या प्राकृत रूपातून आला असावा. मग 'क्षार'ही त्यातलाच का? मोह होतो, कारण 'अक्षर' म्हणजे न झरणारे, आणि विरघळणारा क्षार त्याच्या अगदी समोर उभा राहतो. मला मात्र 'क्षै', म्हणजे जळणे, हे मूळ अधिक पटते. जुने क्षार वनस्पती जाळून, राखेतून काढत. अरबी 'अल्-कली'चा रोखही राखेकडेच आहे.

कोशकारांनी पाण्याला 'जीवन' म्हटले यात नवल नाही. नवल आहे ते 'विष' या शब्दाचे. अमरकोशात त्याचा पाणी हाही एक अर्थ दिला आहे. मूळ धातू 'विष्', व्यापणे, असे मानतात. पण रसायनाच्या बाजूने पाहिले तर जोडी चपखल आहे. झाडाच्या मुळाला आणि रक्ताला अन्न पोहोचते ते पाण्यात विरघळूनच. आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही विहिरींत खडकातले फ्लोराइड उतरते तेही तसेच. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले, की दात आणि हाडे भोगतात.

राहता राहिली 'गार'. आकाशातून पडते ती गार, चकमकीचा पांढरा दगड तीही गार, त्याचीच 'गारगोटी'. गारेवरून दगडाला नाव मिळाले की दगडावरून गारेला? दगडाचे आधीचे असावे, असा माझा कौल. ग्रीकांचा प्रवास उलटा दिसतो. त्यांचा 'क्रिस्टालॉस' म्हणजे आधी बर्फ, मग स्फटिक. कायमचे गोठलेले पाणी म्हणजे स्फटिक, असा समज रोमन प्लिनीपर्यंत टिकला होता. दोन्ही गारा पाण्यात टाकून पाहिल्या असत्या तर शंका फिटली असती. गोठताना पाण्याचे रेणू एकमेकांना हात लांब करून धरतात, आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, म्हणून आकाशातली गार तरंगते. दगडाची तळाशी जाते. उरले ते विशेषण 'गार'. ते गारेच्या स्पर्शावरून आले असावे असे वाटते, पण 'गारठा' आणि 'गारवा' यांच्यातले प्रत्यय पाहता विशेषणच आधीचे असल्याचा पक्षही मांडता येतो.