सीट नुसती मऊ असून भागत नाही

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या एका सोंडेवर आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाहा याच्या काळात, 1700 च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. किल्ल्याचा इतिहास सांगताना बुरूज, विहीर आणि कैदी यांच्याबद्दल लिहिले जाते, पण या मुलुखातली माणसे लांबचा पल्ला कशावर बसून गाठत आणि तासन्‌तास त्या बैठकीवर कशी टिकत, हे कोणी विचारत नाही. आधी घोडा होता, विसाव्या शतकात सायकल आली, आणि आता शहरांतून घरातच उभी केलेली, जागची न हलणारी सायकल आली आहे. या घरातल्या सायकलवर तास-दीड तास बसणाऱ्याची तक्रार बहुधा सीटबद्दलच असते, आणि त्यावर तो उपायही एकच शोधतो : आणखी मऊ सीट. हा उपाय चुकीचा आहे असे माझे मत आहे. घोड्याच्या खोगिरापासून आजवरच्या बैठकींचा इतिहास पाहिला तर लांब बैठकीचे सुख गादीच्या जाडीवर कधीच अवलंबून नव्हते. शरीराचा भार बैठकीवरून किती वेळा आणि किती सहज उचलला जातो, यावर ते अवलंबून होते.

घोड्यापासून सुरुवात करू. रघूजी भोसल्यांच्या फौजांनी 1742 पासून पुढची नऊ-दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या केल्या. नागपूरहून निघालेल्या घोडेस्वारांनी जंगले आणि नद्या ओलांडत शेकडो कोस तुडवले. त्यांच्या खोगिरात कापड, नमदा, भरणी सगळे असे, पण त्या भरणीचे पहिले काम घोड्याची पाठ सोलवटू न देण्याचे होते. स्वाराचा भार पेलायला त्याच्या मांड्या होत्या आणि पायांखाली रिकीब होती. घोडा दुडक्या चालीने निघाला की स्वार रिकिबीवर जोर देऊन अंग हलके करतो, चाल मंदावली की पुन्हा टेकतो. पक्की मांड म्हणतात ती हीच. रिकिबीशिवाय, नुसत्या गादीवर बसून कोणी बंगाल गाठला नसता.

सायकलची सीट याच घोड्याच्या सामानातून आली. इंग्लंडात बर्मिंगहॅमला जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी 1866 मध्ये घोड्यांच्या चामडी साजाचा धंदा सुरू केला. त्यांच्या कंपनीत सांगितली जाणारी हकीकत अशी की 1878 मध्ये त्यांचा घोडा मेला, म्हणून त्यांनी कामावर जायला सायकल मागून घेतली. तिची बैठक इतकी त्रासदायक निघाली की त्यांनी स्वतःच नवी बनवायचे ठरवले, आणि 1882 मध्ये तिचे पेटंट घेतले. जाड चामडे लोखंडी सांगाड्यावर पुढून-मागून ताणून बसवायचे, ही ती रचना. गादी नाही, भरणी नाही. नवे असताना हे चामडे लाकडासारखे कडक लागते आणि बऱ्याच दिवसांच्या वापराने बसणाऱ्याच्या हाडांच्या जागी दबून त्याचे होऊन जाते. 1885 मध्ये स्टार्ली यांची सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आली, 1888 मध्ये डनलॉप यांचे हवेचे टायर आले, आणि त्याच 1888 साली आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. युरोप-अमेरिकेत 1890 च्या दशकात सीटवरून मोठा वाद झाला. स्त्रियांनी सायकल चालवावी की नाही, या प्रश्नाचा अर्धा भाग सीटच्या पुढच्या टोकाविषयीचाच होता. डॉक्टरांनी त्यावर लिहिले, कारागिरांनी ‘आरोग्यदायी’ सीटा काढल्या. त्यांपैकी ‘ख्रिस्टी’ सीटला दोन वेगळ्या गाद्या होत्या आणि मधली जागा मोकळी होती. भार हाडांवर यावा, मधल्या नाजूक भागावर नको, ही आज नवी म्हणून विकली जाणारी कल्पना तेव्हाच मांडली गेली होती.

हाडांचा हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. कटीच्या तळाशी दोन बाजूंना बैठकीची दोन हाडे असतात. त्यांच्यातले अंतर माणसागणिक बदलते, साधारणपणे 10 ते 14 सेंटीमीटर, आणि स्त्रियांमध्ये सरासरीने थोडे जास्त. बसण्याचा भार पेलायला निसर्गाने हीच हाडे दिली आहेत. सीट फार मऊ असली की हाडे तिच्यात रुततात आणि मधला स्पंज वर चढून नसा आणि रक्तवाहिन्या असलेल्या भागावर दाब देतो. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिलेली सुखद सीट अर्ध्या तासाने मुंग्या का आणते, त्याचे कारण हे आहे. अंगठ्याचा दाब क्षणाचा असतो, शरीराचा भार तासाचा.

स्वातंत्र्यानंतर मद्रासची टीआय, सोनीपतची अ‍ॅटलस, आसनसोलची सेन-रॅले आणि लुधियानाची हिरो, या कारखान्यांनी काळी, उंच, 28 इंची चाकांची सायकल खेड्यापाड्यांत पोचवली. तुमसरच्या धानबाजाराचा, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींचा हा परिसर अशा सायकलीसाठी जणू घडलेला होता : अंतरे पायी जायला जास्त, एसटीची वाट पाहायला कमी. या सायकलीची सीट रुंद, चामड्याची आणि नंतर रेक्झिनची, मागे दोन जाड स्प्रिंगा. हँडल उंच आणि चौकट मागे कललेली असल्याने माणूस ताठ बसतो आणि जवळपास सगळा भार मागच्या हाडांवर येतो. रुंद सीट आणि स्प्रिंगा त्यासाठी बरोबर होत्या. पण तेवढ्याने ती बैठक सुखाची झाली नसती. बाकीचे काम रस्ता करत होता. खड्डा दिसला की पायडलवर उभे राहायचे, चढ आला की उठून जोर लावायचा, फार चढ असला किंवा कॅरिअरवर धानाचे पोते असले तर उतरून ढकलायचे, उताराला पाय थांबवून कूस बदलायची. घोडेस्वाराला रिकिबीने जे दिले ते या सायकलस्वाराला पायडलने दिले. स्वातंत्र्याच्या आधीचे उदाहरणही हेच सांगते : मुंबईहून 1923 मध्ये सायकलवर जगप्रवासाला निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटर करून 1928 मध्ये परतले. चामडी सीटांच्या त्या काळात, वाळवंटे आणि जंगले ओलांडून त्यांनी हे अंतर कापले.

यावर कोणी म्हणेल की या मंडळींना निवड होती कुठे? खाणीवर पाळीला जाणाऱ्या मजुराने सीटबद्दल तक्रार केली नाही, म्हणून ती सुखाची होती असे कसे ठरवायचे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे वजन मला मान्य आहे. गरिबाचे मौन हा पुरावा होऊ शकत नाही. त्या सीटने त्रास होत असे, म्हणून तर लोक तिच्यावर फडके गुंडाळत, स्पंजचे कव्हर चढवत, आणि झालरी लावलेल्या मखमली कव्हरांचा एक छोटा धंदाच सायकलच्या दुकानांतून चालत असे. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या त्रासाला रस्त्यावर दर काही मिनिटांनी आपोआप उतारा मिळत होता.

घरातल्या सायकलीत नेमका तोच उतारा नाहीसा झाला आहे. बसल्या जागी व्यायाम करण्याचे यंत्र जुने आहे. इंग्लंडात फ्रान्सिस लाउंड्स यांनी 1796 मध्येच ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाचे यंत्र काढले होते. आपल्याकडे मात्र घरातली सायकल सर्रास दिसू लागली ती 2020 च्या टाळेबंदीनंतर. या सायकलला खड्डा नाही, चढ नाही, सिग्नल नाही, उतार नाही. चौकट जमिनीला जखडलेली असल्याने ती अंगाखाली डुलत नाही. वारा नसल्याने घाम सुकत नाही, आणि ओल्या कातडीचे घर्षण वाढते. शिवाय पायडल हलके ठेवून चालवले की पायांवर जोर कमी आणि सीटवर भार जास्त. रस्त्यावर तीन तास सहज काढणारा माणूस घरात पाऊण तासात कंटाळतो, त्यात त्याच्या सीटचा दोष थोडाच असतो. ‘स्पिनिंग’ हा बंदिस्त सायकलीचा प्रकार रूढ करणारे जॉनी गोल्डबर्ग 1980 च्या दशकात अमेरिका आरपार जाणाऱ्या ‘रॅम’ शर्यतीसाठी सराव करत होते, आणि त्यांच्या पद्धतीत मधूनमधून सीटवरून उठणे हा व्यायामाचाच भाग आहे. सुमारे 4,800 किलोमीटरची हीच शर्यत नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये एकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली. इतके दिवस टिकते ते शरीर जागा बदलत राहणारे असते.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे : मग सीटच्या आकाराला काहीच अर्थ नाही का? आहे. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या सरकारी संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना पुढचे टोक नसलेली सीट सहा महिने वापरायला दिली, आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बधिरपणा स्पष्टपणे घटल्याचे दिसले. रुंदी चुकली तर कितीही उठबस केली तरी त्रास जाणार नाही, आणि ज्याला सतत मुंग्या येतात त्याने सीट बदलावी आणि डॉक्टरांनाही दाखवावे. पण हा अभ्यासही माझ्याच बाजूने बोलतो. तिथे सुख मिळाले ते भार योग्य जागी गेल्यामुळे, गादी जाड झाल्यामुळे नव्हे. आकार हाडांशी जुळवायचा, आणि मग भार उचलायची सवय लावायची, असा हा क्रम आहे.

म्हणून जेलचे आणखी एक कव्हर मागवण्याआधी पान्हा हातात घ्यावा. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हावा, इतकी सीटची उंची ठेवावी. त्याहून उंच सीटवर कंबर दोन्ही बाजूंना घसटत राहते. सीट आडवी, सपाट ठेवावी. समोर पंखा लावावा. आणि दर आठ-दहा मिनिटांनी पायडल थोडे जड करून वीस-तीस सेकंद उभे राहून चालवावे. एवढे आठवडाभर करूनही दुखले, तर हाडांमधले अंतर मोजून त्या रुंदीची, कडक बांध्याची सीट घ्यावी.