बाळूंच्या बळींची कुळकथा

गोलंदाजाच्या नावापुढे बळी मांडायची रीत क्रिकेटइतकी जुनी नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये फलंदाज झेलबाद झाला की वहीत झेल घेणाऱ्याचे नाव चढे. चेंडू कोणी टाकला, हे कोणी लिहीत नसे. त्रिफळा उडवला तरच बळी गोलंदाजाचा. झेल, यष्टिचीत यांतला त्याचा वाटा मान्य झाला तो १८३०च्या दशकात. आज दापोऱ्यासारख्या गावात टेनिस चेंडूच्या सामन्याला वही घेऊन बसलेला पोरगा एका झेलापुढे दोन नावे लिहितो, ती रीत तेव्हाची.

या रीतीचे मोल मला कळले ते बाळू पालवणकरांमुळे. १८७६ साली धारवाडला, चांभार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर, मग गोऱ्यांच्या क्लबात चार रुपयांवर ते मैदान राखत आणि जाळ्यात गोलंदाजी करत. तिथला फलंदाज कॅप्टन ग्रेग रोज सरावाला येई आणि बाळू त्याला तासन्‌तास चेंडू टाकत. तो बाद झाला की आठ आणे देई, असे सांगतात. या चेंडूंची मोजदाद कुठल्याच वहीत नाही. त्यांची फिरकी घडली मात्र तिथेच. पुढे हिंदूंच्या संघात त्यांचे बळी सर्वांना हवे होते, पण चहा त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला भारतीय संघ इंग्लंडला गेला. तिथे बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. काही पुस्तकांत मात्र ७५ बळी आणि २०.१२ सरासरी दिसते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. दौऱ्यात २३ सामने झाले, त्यांपैकी १४ प्रथम श्रेणीचे; ७५ बळी त्या चौदांतले. प्रथम श्रेणी म्हणजे काय, याची रीतसर व्याख्या ठरली १९४७ साली: तीन किंवा अधिक दिवसांचा, अकरा-अकरा जणांचा, त्या दर्जाचा मानला गेलेला सामना. जुन्या सामन्यांची वर्गवारी संख्याशास्त्रज्ञांनी मागाहून केली. म्हणजे बाळूंचे ३९ बळी त्या रेषेपलीकडे राहिले. मला हे पटत नाही. बाळूंचा दौरा सांगताना ११४ हाच आकडा आधी सांगायला हवा, कारण उरलेल्या नऊ सामन्यांतही त्यांनी तोच खांदा झिजवला होता.

संपूर्ण कारकिर्दीचा हिशेब असा: प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, डावात पाच किंवा अधिक बळी १७ वेळा. एवढे असून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. ते पालवणकरांच्या घरात आले १९२३ साली, धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे.